ज्यू पुस्तकं वाचायची आहेत? सुरुवात घरापासून करा

मराठी वाचकाची ज्यू माणसाशी पुस्तकातली पहिली भेट बहुतेक वेळा अ‍ॅन फ्रँकच्या डायरीतून होते. मराठी अनुवाद सहज मिळतो आणि शाळेच्या वयातच वाचून होतो. मग एखादा युद्धपट, आणखी एखादं आत्मकथन, आणि वाचन छळछावणीच्या कुंपणापाशीच थांबतं. डोक्यात पक्कं बसतं ते एवढंच, की ज्यू म्हणजे ज्याच्यावर अत्याचार झाले तो. तो जेवतो काय, बायकोशी भांडतो कशावरून, देवावर चिडतो का, शेजाऱ्याच्या लग्नाला जातो का, यातलं काहीच कळलेलं नसतं.

डॅरा हॉर्न या अमेरिकन कादंबरीकार बाईंनी नेमक्या याच गोष्टीवर २०२१ मध्ये 'पीपल लव्ह डेड ज्यूज' हा निबंधसंग्रह लिहिला. मेलेल्या ज्यूंबद्दल जगाला भारी कळवळा, जिवंत ज्यूंबद्दल मात्र फारसं कुतूहल नाही, ही त्यांची तक्रार. मला ती पूर्णपणे पटते. म्हणून नव्या वाचकाला मी क्रम उलटा सांगतो: आधी घर, मग घरातली भांडणं, आणि मृत्यू सगळ्यात शेवटी. आधी जगणं माहीत झालं तर काय नष्ट झालं ते कळतं.

एक गोष्ट सुरुवातीलाच. 'ज्यू पुस्तक' म्हणजे धार्मिक पुस्तक नव्हे. अमेरिकन कादंबरीकार फिलिप रॉथ देव मानत नव्हता, तरी विसाव्या शतकातलं ज्यू जगणं समजून घेताना त्याला वगळता येत नाही. भाषाही एक नाही. हिब्रू, इंग्रजी, यिद्दिश, हंगेरियन, आपल्याकडे हिंदीसुद्धा. 'कोणाला ज्यू लेखक म्हणायचं' या वादात आत्ता शिरू नका. ज्या पुस्तकात ज्यू जगणं हा मुख्य ऐवज आहे ते घ्या आणि वाचायला बसा.

पहिली पायरी: अलिबागजवळच्या दांड्याला जा

मराठी वाचकाला एक सोय आहे जी पॅरिस-लंडनच्या वाचकाला नाही. बेने इस्रायल समाज आपल्याच कोकणातला. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं आणि वाचलेल्या मोजक्या माणसांपासून समाज वाढला, अशी त्यांची परंपरागत कथा. तेलाच्या घाण्याचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने नाव ठेवलं शनवार तेली. आडनावं पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहीमकर. घरात मराठी. हे जग ज्यांनी कादंबरीत आणलं त्या एस्थर डेव्हिड, जन्म अहमदाबादचा, १९४५. त्या इंग्रजीत लिहितात. 'बुक ऑफ रेचल' २००६ साली आलं आणि २०१० मध्ये त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. सुरुवात इथूनच करा.

गोष्ट साधी आहे. दांड्याला समुद्राजवळ रेचल नावाची म्हातारी एकटी राहते. मुलं इस्रायलला गेली, शेजारपाजारही गेला. ती रोज प्रार्थनामंदिर उघडते, झाडलोट करते. कधीतरी सगळे परत जमतील, ही आशा. मग त्या जागेवर विकणाऱ्यांची नजर पडते आणि म्हातारी कंबर कसून उभी राहते. कोकणात ज्यांची घरं कुलूपबंद आहेत, त्यांना यातलं बरंच काही समजावून सांगावं लागणार नाही.

प्रत्येक प्रकरण एका पाककृतीने सुरू होतं. घाईत ती ओलांडून पुढे जाऊ नका. ज्यूंच्या खाण्यापिण्याच्या म्हणजे कोशर नियमाप्रमाणे मांस आणि दूधदुभतं एकत्र चालत नाही. म्हणून कोकणातल्या या बायकांनी मटणाच्या रश्श्यात नारळाचं दूध घातलं, नववर्षाला गव्हाच्या चिकाचा हलवाही नारळाच्या दुधात केला. धर्माचा कडक नियम आणि परसातला माड यांची सांगड कशी बसली, ते इथे एका वाटीत दिसतं. कायद्याची जाडी पुस्तकं वाचून कोशर म्हणजे काय ते जेवढं कळणार नाही, तेवढं या पानांवर कळतं.

त्यानंतर हिंदी वाचता येत असेल तर शीला रोहेकर यांची 'मिस सैम्युएल: एक यहूदी गाथा' ही कादंबरी घ्या. एस्थर डेव्हिड यांच्यापेक्षा कडवट, एकाकीपणाबद्दल जास्त निर्भीड. आणि निस्सिम एझिकेल. मुंबईत १९२४ साली जन्मलेला, इंग्रजीत लिहिणारा हा बेने इस्रायल कवी शाळेच्या पुस्तकातल्या विंचवाच्या कवितेमुळे अनेकांना माहीत असतो. त्याची 'बॅकग्राउंड, कॅज्युअली' ही कविता शोधून वाचा. घाणा चालवणारे पूर्वज, शाळेतली टिंगल, परदेशातली वर्षं आणि शेवटी जिथे आहोत तिथेच राहण्याचा निश्चय, हे सगळं दोन-तीन पानांत.

जमलं तर अलिबागच्या इस्रायल आळीत एक चक्कर मारा. तिथलं मागेन अबोथ प्रार्थनामंदिर उभं आहे. आधी विचारून जा, डोकं झाकायला रुमाल ठेवा आणि शनिवारी फोटो काढू नका. आणखी एक जुनी वस्तू सांगण्याचा मोह आवरत नाही. पेसाख सणाच्या रात्री वाचायची पोथी म्हणजे हगादा. १८७४ साली पुण्यात ती मराठी भाषांतरासह छापली गेली आणि तिच्या चित्रांत साडी नेसलेल्या बायका जमिनीवर बसून सणाची बिनखमिराची भाकरी करताना दाखवल्या आहेत. त्या प्रतीची चित्रं इंटरनेटवर पाहायला मिळतात. ती पाहिली की 'ज्यू' या शब्दाबरोबर येणारा काळा कोट आणि दाढी डोक्यातून थोडी बाजूला सरते.

दुसरी पायरी: दहा शब्दांची चिठ्ठी

पुस्तकात खूणेसाठी ठेवायच्या कागदावर हे लिहून ठेवा. शब्बात: शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होऊन शनिवारी रात्री संपणारा विसाव्याचा दिवस. कोशर: खाण्यापिण्यात चालेल ते. हलाखा: धर्मनियम. तालमूद: त्या नियमांवरच्या जुन्या वादविवादांचा प्रचंड ग्रंथ. रब्बी: शिकलेला धर्मगुरू, पण देव आणि माणूस यांच्यातला मध्यस्थ नव्हे. शिवा: जवळचं माणूस गेल्यावर सात दिवस घरात बसणं. कद्दिश: मृतासाठी म्हणायची प्रार्थना. यिद्दिश: पूर्व युरोपातल्या ज्यूंची बोली. अश्केनाझी: त्या भागातून आलेले. मिझ्राही: अरब देश, इराण वगैरेंतून आलेले.

एवढं पुरे. पंचांग आपल्या वाचकाला जड जात नाही. महिने चंद्राचे, आणि सण ऋतूतून निसटू नयेत म्हणून १९ वर्षांत ७ वेळा अधिक महिना.

तिसरी पायरी: इस्रायलची पुस्तकं, छोट्यापासून मोठ्याकडे

पहिला एटगार केरेट. जन्म १९६७. गोष्टी दोन-चार पानांच्या, विचित्र आणि हळव्या. त्याचं 'द सेव्हन गुड इयर्स' हे आठवणींचं पुस्तक एका आठवड्यात सहज होतं. पहिल्याच लेखात तो रुग्णालयात असतो, बायकोच्या बाळंतपणासाठी. तेवढ्यात बॉम्बस्फोटातले जखमी यायला लागतात. एक पत्रकार त्याला ओळखतो आणि खूश होतो: लेखक हल्ल्याच्या जागी होता, आता काहीतरी नवीन प्रतिक्रिया मिळेल! केरेट सांगतो, मी हल्ल्यासाठी आलो नाही, मला मूल होतंय. पत्रकाराचा चेहरा पडतो. बातम्यांमधला इस्रायल आणि तिथे राहणाऱ्या माणसाचा दिवस यांत किती अंतर आहे, हे समजायला हा एक प्रसंग पुरतो.

मग अमोस ओझ. 'अ टेल ऑफ लव्ह अँड डार्कनेस' हे जाडजूड आत्मकथन हिब्रूत २००२ साली आलं. इंग्रजी अनुवाद निकोलस द लांज यांचा. जाडी पाहून घाबरू नका. १९४० च्या दशकातलं जेरुसलेम, तळघरासारखं छोटं घर, आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत पुस्तकं. वडिलांना सोळा-सतरा भाषा वाचता यायच्या आणि अकरा बोलता यायच्या, आईलाही चार-पाच बोलता यायच्या. मुलाला मात्र त्यांनी फक्त हिब्रू शिकवली. युरोपातल्या भाषा कळल्या तर तोही युरोपाच्या मोहात पडेल, आणि तिथे जाऊन मारला जाईल, ही भीती. सहा वर्षांच्या अमोसला वडील आपल्या कपाटातली हातभर जागा देतात. पोरगा आपली पुस्तकं ओळीने लावतो, उंचीप्रमाणे! वडील हादरून त्याच्याकडे बघत राहतात. पुस्तकांच्या घरात वाढलेल्या कुणालाही ही दोन पानं पुन्हा पुन्हा वाचावीशी वाटतील. तो साडेबारा वर्षांचा असताना आईने आत्महत्या केली. सगळं पुस्तक त्या घटनेभोवती फिरतं, जवळ जातं, मागे येतं. मधली वंशावळीची प्रकरणं लांब आहेत. पहिल्या वाचनात ती भराभर उलटली तरी चालतील, पण आई जिथे गोष्ट सांगते तिथे थांबा.

तिसरा डेव्हिड ग्रॉसमन. 'टू द एंड ऑफ द लँड' ही माझ्या मते गेल्या पंचवीस वर्षांतली सगळ्यात मोठी हिब्रू कादंबरी. ओराचा धाकटा मुलगा ओफेर सैन्यातली सक्तीची नोकरी संपवून घरी यायचा असतो, तेवढ्यात एका मोहिमेसाठी आपणहून परत जातो. ओरा घर सोडून गॅलिलीच्या डोंगरांत पायी निघते. वाईट बातमी सांगणारे अधिकारी दारात आले आणि घरात कुणी नसलंच, तर बातमी सांगितलीच जाणार नाही, असा तिचा हट्टी हिशोब. बरोबर एक जुना मित्र, आणि चालता चालता ती त्याला मुलाचं सगळं बालपण सांगत जाते. पहिलं दूध, पहिलं पाऊल, मांस म्हणजे मारलेलं जनावर हे कळल्यावर त्याने केलेला आकांत. पोरगा गोष्टीत आहे तोवर जिवंत आहे. ग्रॉसमन ही कादंबरी लिहीत असताना, ऑगस्ट २००६ मध्ये, त्याचा २० वर्षांचा मुलगा उरी लेबनॉनच्या युद्धात मारला गेला. दोनच दिवस आधी ग्रॉसमन, ओझ आणि ए. बी. येहोशुआ या तिघांनी पत्रकार परिषद घेऊन युद्ध थांबवा म्हटलं होतं. शिवाचे दिवस संपल्यावर ग्रॉसमन परत लिहायला बसला. पुस्तक हिब्रूत २००८ ला आलं. सुरुवातीचा अंधारातला, रुग्णालयातला भाग गोंधळात टाकतो. तेवढा पार करा, पुढे वाट मोकळी आहे.

इथवर आलात की एक त्रुटी लक्षात येईल. ही सगळी युरोपातून आलेल्यांची घरं. म्हणून सामी मायकल घ्या. बगदादमध्ये १९२६ ला जन्म, आधी अरबीत लिहायचा, मग हिब्रूत. 'व्हिक्टोरिया' या कादंबरीत बगदादच्या एका चौकाच्या घरात कोंबलेलं ज्यू कुटुंब आहे, आणि त्यातली भूक, वासना, चहाड्या हे सगळं उघडं आहे. काळा घोड्याचं ससून वाचनालय आणि पुण्याचं लाल देऊळ नावाचं ज्यू प्रार्थनामंदिर ज्या ससून घराण्यामुळे उभं राहिलं, ते घराणं बगदादचंच. ते श्रीमंत होते. मायकल त्या शहरातली दुसरी बाजू दाखवतो.

अनुवादकाचं नाव पाहून पुस्तक निवडायची सवय लावा. हिब्रूसाठी जेसिका कोहेन हे नाव खात्रीचं. ग्रॉसमनच्या 'अ हॉर्स वॉक्स इन्टू अ बार'ला २०१७ चं आंतरराष्ट्रीय मॅन बुकर मिळालं ते दोघांना मिळून.

चौथी पायरी: अमेरिका आणि इंग्लंड

इथे पर्याय इतके आहेत की माणूस भांबावतो. चार पुस्तकं सांगतो, याच क्रमाने.

खाइम पोटोकची 'द चोझन' १९६७ ची, म्हणजे आजच्या हिशोबात जुनी. तरी दार हेच. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधली दोन ज्यू शाळांची मुलं चेंडू-फळीचा सामना खेळतात आणि एकाचा फटका दुसऱ्याच्या डोळ्यावर बसतो. त्यातून मैत्री. एकाचे वडील अतिकर्मठ हसिदी पंथाचे गुरू. ते मुलाशी तालमूद शिकवताना सोडून एक अक्षर बोलत नाहीत. का, ते शेवटी कळतं. पोटोक स्वतः रब्बी होता, त्यामुळे कर्मठांची टिंगल नाही आणि गौरवही नाही.

मग रॉथचा पहिला कथासंग्रह 'गुडबाय, कोलंबस', १९५९. त्यातली 'डिफेंडर ऑफ द फेथ' ही कथा आधी 'न्यूयॉर्कर'मध्ये छापून आली होती. सैन्यात एक ज्यू शिपाई आपल्या ज्यू सार्जंटकडून धर्माच्या नावावर सवलती उकळतो, एवढीच गोष्ट. पण ज्यू समाजात आगडोंब उसळला. आपली उणी दुणी चारचौघांत काढणाऱ्या या माणसाला गप्प कसं करायचं, अशी पत्रं गेली. दलित आत्मकथनांच्या वेळी 'घरातलं बाहेर कशाला सांगता' हा सूर मराठीत ज्यांनी ऐकला आहे, त्यांना हा वाद ओळखीचा वाटेल.

तिसरी नेओमी ऑल्डरमनची 'डिसओबीडियन्स', २००६. लंडनच्या हेंडन भागातल्या कर्मठ वस्तीत रब्बीची बंडखोर मुलगी वडील वारल्यावर परत येते, आणि तिची जुनी प्रेयसी आता तिच्याच चुलतभावाची बायको आहे. ऑल्डरमन त्याच वस्तीत वाढली. तिने सोडून जाणारी आणि राहणारी, दोघींनाही सारखा मान दिला आहे. चौथी जोशुआ कोहेनची 'द नेतन्याहूज', २०२२ चं पुलित्झर मिळालेली. पुढे इस्रायलचे पंतप्रधान झालेल्या बेंजामिन नेतन्याहूंचे इतिहासकार वडील नोकरीच्या मुलाखतीसाठी एका अमेरिकी कॉलेजात सहकुटुंब येऊन थडकतात. विनोदी आहे, पण आधीच्या पायऱ्या झाल्या असतील तरच तो विनोद पोहोचतो.

पुढे स्वतः शोधायचं असेल तर पुरस्कारांच्या याद्या चाळा: अमेरिकेतला नॅशनल ज्यूइश बुक अवॉर्ड, ब्रिटनमधलं विंगेट प्राइझ, इस्रायलचं सापिर पारितोषिक. प्रती महाग पडतात. रॉथ आणि पोटोक जुन्या पुस्तकांच्या दुकानांत, मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवर बघा. बाकीच्यांसाठी ई-पुस्तकाचा मोफत नमुना आधी वाचा आणि मगच पैसे घाला.

पाचवी पायरी: राजकारणाचं काय करायचं?

हा प्रश्न येणारच, हमासच्या ७ ऑक्टोबर २०२३ च्या हल्ल्यानंतर आणि गाझातल्या संहारानंतर तर टाळताच येणार नाही. लेखकाला सरकारचा प्रवक्ता समजू नका. ग्रॉसमन १९८७ मध्येच वेस्ट बँकमधल्या पॅलेस्टिनी निर्वासितांच्या छावण्यांत जाऊन राहिला-बोलला आणि 'द यलो विंड' हे पुस्तक घेऊन आला. आपल्या राज्यात काय चाललंय हे त्याने इस्रायली वाचकाला तोंडावर सांगितलं. ओझ १९७८ पासून शांतता चळवळीत होता. उलट बाजूचे लेखकही आहेत, आणि त्यांची एकमेकांशी जुंपलेली असते. याच्या जोडीला सय्यद काशुआ वाचाच. तो ज्यू नाही, पॅलेस्टिनी अरब आहे, पण लिहितो हिब्रूत. त्याची 'सेकंड पर्सन सिंग्युलर' वाचल्याशिवाय इस्रायलमधलं घर पुरतं दिसत नाही.

आपल्या बेने इस्रायलांनाही तिथे अपमान सोसावा लागला. १९६२ मध्ये तिथल्या धर्मपीठाने त्यांच्या लग्नांच्या वेळी वंशाची चौकशी करायचा फतवा काढला. त्यांनी आंदोलन केलं, आणि १९६४ मध्ये तो मागे घ्यावा लागला.

सहावी पायरी: आता छळछावणी

आता 'मौस' घ्या. आर्ट स्पीगलमनची चित्रकादंबरी, दोन भाग, १९८६ आणि १९९१, आणि १९९२ चं खास पुलित्झर. ज्यू उंदीर, जर्मन मांजरं. मुलगा न्यूयॉर्कमध्ये म्हाताऱ्या बापाकडे जातो आणि बाप व्यायामाच्या सायकलवर पाय मारत पोलंडची गोष्ट सांगू लागतो. चित्रात हातावरचा गोंदलेला आकडा दिसतो. बाप चिक्कू आहे, गोळ्या मोजत बसतो, दुसऱ्या बायकोला हैराण करतो. पहिल्या भागाच्या शेवटी कळतं, की छावणीतून वाचून नंतर आत्महत्या केलेल्या आईच्या वह्या त्याने जाळून टाकल्या. मुलगा त्याला खुनी म्हणतो. वाचलेला माणूस संत होत नाही, हे इतक्या स्वच्छपणे सांगणारं दुसरं पुस्तक मला माहीत नाही.

त्यानंतर प्रीमो लेव्हीचं 'इफ धिस इज अ मॅन' आणि इम्रे केर्तेसचं 'फेटलेस'. केर्तेसला २००२ चं नोबेल मिळालं. शीर्षकात छावणीचं नाव घालून विकल्या जाणाऱ्या गोड प्रेमकथा मात्र सोडून द्या. अशा एका खूप खपलेल्या कादंबरीतल्या चुकांवर खुद्द ऑशविट्झ स्मारकाने जाहीर आक्षेप घेतले होते. ज्या जागेबद्दल पुरावे नाकारणारे लोक आजही आहेत, तिथे लेखकाने तपशील सैल ठेवणं मला अक्षम्य वाटतं.

सातवी पायरी: जोडीने वाचा

ज्यू पाठशाळांत तालमूद एकट्याने वाचत नाहीत. दोघं समोरासमोर बसतात, मोठ्याने वाचतात आणि प्रत्येक ओळीवर हुज्जत घालतात. या जोडीला हवरुता म्हणतात. कादंबऱ्यांनाही ही पद्धत लागू पडते. बहीण, मैत्रीण, शेजारचे काका, कुणीही चालेल, फक्त तुमच्याशी सहमत होणारं माणूस नको. आठवड्याला ठराविक पानं ठरवा आणि तासभर बसा. 'बुक ऑफ रेचल'पासून सुरू करणार असाल तर पहिल्या बैठकीला हा प्रश्न घ्या: प्रार्थनामंदिराच्या जागेवर हक्क कुणाचा, तिथे जन्मून परदेशी गेलेल्यांचा, समितीच्या कागदावर सह्या असलेल्यांचा, की रोज कुलूप उघडणाऱ्या बाईचा? एकाने एक बाजू घ्या, दुसऱ्याने दुसरी, आणि अर्ध्या तासाने बाजू बदला.